सोसायटीत येणाऱ्या पार्सलांच्या फेऱ्या कशा कमी कराव्यात?

वाघोली २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली, तरी तिथल्या रहिवाशांना मोठ्या खरेदीसाठी बहुधा नगर रस्त्याच्या कोंडीतूनच जावे लागते. त्यामुळे वस्तू घरपोच मागवण्यात गैर काही नाही, मात्र मागवण्याची पद्धत बदलावी लागते.

प्रथम आठवडाभर गेटवरची नोंदवही पाहून कोणत्या इमारतीत किती पार्सले, किती वाजता येतात, हे टिपून घ्यावे. मग वॉचमनच्या केबिनशेजारी इमारतनिहाय कुलूपबंद कप्पे करावेत, म्हणजे दाराला कुलूप दिसल्यामुळे परत गेलेले पार्सल दुसऱ्या दिवशी तेवढेच अंतर कापून पुन्हा येणार नाही. खरी नासाडी या दुसऱ्या फेरीतच असते. रोखीने पैसे द्यायचे किंवा ओटीपी सांगायचा असलेले पार्सल कप्प्यात ठेवता येत नाही, म्हणून शक्य तिथे पैसे आगाऊ भरावेत.

निकड नसलेल्या वस्तू साठवून एकाच दिवशी मागवाव्यात. दहा मिनिटांत येणाऱ्या कोथिंबिरीच्या जुडीचा मोह आवरणे सर्वांत अवघड, हे मान्य. पण भाजी कामावरून परततानाच घ्यावी आणि तेवढ्यासाठी वेगळी गाडी काढू नये.