फिंच अचानक आजारी पडल्यास या चुका टाळा

काल संध्याकाळपर्यंत दांडीवर उड्या मारणारा फिंच आज सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी पिसे फुगवून, डोळे मिटून बसलेला आढळतो आणि दुपारपर्यंत दगावतो. पाळणाऱ्याला हे आकस्मिक वाटते, पण आजार बहुधा दोन-चार दिवसांपूर्वीच सुरू झालेला असतो. थव्यात राहणारा हा पक्षी दुखणे लपवतो, कारण निसर्गात दुबळा दिसणारा पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरतो. शिवाय झेब्रा फिंच या जातीच्या पक्ष्याचे वजन असते जेमतेम १२ ग्रॅम. एवढ्याशा देहाला ४० ते ४२ अंश सेल्सिअस तापमान टिकवायचे असते आणि साठवलेली चरबी नावापुरतीच असते. त्यामुळे एक दिवस खाणे थांबले तरी त्याचा जीव धोक्यात येतो. हाती जे थोडे तास उरतात त्यांत औषध कोणते द्यावे हा प्रश्न दुय्यम असतो. पक्षी कसा बसला आहे, किती पक्षी आजारी आहेत आणि कालपासून घरात काय बदलले, हे आधी पाहिले पाहिजे. बहुतेक चुका हे न पाहता केलेल्या उपचारांतून होतात.

ऊब आणि गारवा यांची गल्लत

‘गोव्यात कसली आली आहे थंडी’ हा विचार सर्वांत महागात पडतो. पावसाळ्यात रात्रीचे तापमान २४-२५ अंशांपर्यंत उतरते आणि आपल्याला ते सुखद वाटते, परंतु न खाणाऱ्या आजारी पक्ष्याची सारी शक्ती त्या हवेत अंग गरम ठेवण्यातच खर्च होते. पिसे फुगवून तो पिसांमध्ये हवा अडवून धरतो, म्हणजेच त्याला ऊब कमी पडत असते. अशा पक्ष्याला ताबडतोब लहान पिंजऱ्यात वेगळे काढावे, पिंजऱ्याच्या तीन बाजूंवर कापड टाकावे आणि एका बाजूला बाहेरून ४० वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब लावावा. एलईडी बल्बचा येथे उपयोग नाही, कारण त्यातून पुरेशी उष्णता मिळत नाही. कापड बल्बला लागणार नाही याची खात्री करून घ्यावी. दांडीजवळचे तापमान सुमारे ३० अंश राहावे आणि दुसरे टोक त्याहून थंड असावे, म्हणजे नकोसे झाल्यास पक्षी स्वतः सरकू शकेल. साधा थर्मामीटर आत टांगला तर अंदाजावर विसंबावे लागत नाही. पावसात वीज जाणे आपल्याकडे नवीन नाही, म्हणून गरम पाण्याची बाटली जाड कापडात गुंडाळून हाताशी तयार ठेवावी.

दांडी अगदी खाली लावावी, दाणे तळावर पसरावेत आणि पाणी उथळ वाटीत ठेवावे. दुबळा पक्षी वरच्या वाटीपर्यंत उडून जाईल ही अपेक्षा करू नये. रात्रीही मंद उजेड राहू दिल्यास तो अधूनमधून टिपून खातो.

एप्रिल-मे महिन्यांत मात्र नेमके उलटे घडू शकते. पश्चिमेचे ऊन येणाऱ्या बाल्कांवात (घरापुढच्या ओसरीत) किंवा पत्र्याच्या छपराखाली टांगलेल्या पिंजऱ्यातील पक्षी चोच उघडून धापा टाकू लागतो. त्याची पिसे अंगाला घट्ट चिकटलेली असतात आणि पंख देहापासून दूर धरलेले असतात. हा उष्माघात आहे. त्याला आजारी समजून बल्बखाली ठेवले तर तो वाचणार नाही. सावलीत, हवेशीर जागी हलवून त्याचे पाय साध्या पाण्याने ओले करावेत आणि प्यायला ताजे पाणी द्यावे. बर्फाच्या पाण्यात बुडवण्याचा अघोरी प्रकार मुळीच करू नये, कारण त्या धक्क्यानेच पक्षी जातो. बल्बखाली ठेवलेल्या पक्ष्यातही हीच लक्षणे दिसू लागली, तर ऊब जास्त झाली असे समजून बल्ब लांब करावा. पिसे फुगलेली आणि चोचही उघडी असेल तर मात्र तो उकाडा नसून श्वसनाचा विकार असण्याची शक्यता मोठी असते. तेव्हा ऊब चालू ठेवून डॉक्टरांकडे जाण्याची तयारी करावी.

किती पक्षी, किती वेळात

एकाच खोलीतले तीन-चार पक्षी तासा-दोन तासांत कोसळले, तर संसर्गाचा विचार नंतर करावा आणि आधी हवेकडे पाहावे. पक्ष्यांच्या फुप्फुसांतून हवा एकाच दिशेने सलग वाहते, त्यामुळे त्यांना प्राणवायू आपल्यापेक्षा चांगला मिळतो आणि विषारी वायूही तितक्याच वेगाने भिनतो. रिकामा नॉनस्टिक तवा गॅसवर विसरला, तर त्याच्या लेपातून सुटणारा वायू शेजारच्या खोलीतल्या पक्ष्यांनाही मारू शकतो. घरातल्या माणसांना कदाचित त्याचा वासही येत नाही. डासांच्या अगरबत्त्या, कीटकनाशक फवारे, चतुर्थीच्या दिवसांत सतत जळणारे धूप आणि कापूर, नरकचतुर्दशीच्या पहाटे नरकासुर जाळताना होणारा धूर, हे सारे पिंजऱ्यापासून लांब असले पाहिजे. डासांसाठी धूरफवारणी करणारे लोक वाड्यावर येतात, तेव्हा पिंजरा आतल्या खोलीत नेऊन खिडक्या बंद कराव्यात आणि नंतर दाणापाणी बदलावे. अपघात घडलाच, तर पक्ष्यांना तत्काळ मोकळ्या हवेत आणावे. अशा वेळी पिंजऱ्यावर कापड टाकू नये. फुप्फुसाला झालेली इजा काही तासांनीही उघड होऊ शकते, म्हणून पक्षी सावरल्यासारखा दिसला तरी डॉक्टरांना कळवावे.

आठवडाभरात एकामागून एक पक्षी आजारी पडत असतील, तर संसर्ग, बुरशी लागलेले धान्य किंवा परजीवी यांपैकी काहीतरी शोधावे लागते. लाल कोळीकीटक हा त्यातला फसवा प्रकार. तो दिवसा दांड्यांच्या टोकांना आणि घरट्याच्या फटींत लपतो, रात्री बाहेर येऊन रक्त पितो आणि सकाळी पिंजरा स्वच्छ दिसतो. रात्री पिंजऱ्यावर पांढरे कापड टाकून पहाटे उचलून पाहिले, तर लाल-काळे बारीक ठिपके हलताना दिसतात. त्यावर पिंजऱ्यात कीटकनाशक फवारणे ही मूळ त्रासाहून मोठी चूक आहे. पक्षी दुसरीकडे हलवून पिंजरा उकळत्या पाण्याने धुवावा, घरटे जाळून टाकावे आणि पक्ष्यांवरील उपचार डॉक्टरांना विचारून करावा.

सकाळी मेलेला पक्षी, अंगावर जखम नाही आणि तळाशी विखुरलेली पिसे, असे दिसले तर रात्रीच्या घबराटीचा संशय घ्यावा. मांजर, उंदीर, साप किंवा फटाक्यांचा आवाज यांनी बिथरलेला फिंच अंधारात गजांवर आपटतो. मिणमिणता रात्रीचा दिवा आणि भिंतीलगत ठेवलेला पिंजरा एवढ्यानेही हा धोका बराच कमी होतो.

पाण्यात औषध, चोचीत थेंब

पक्ष्यांच्या दुकानातून आणलेली पिवळी पूड पाण्यात मिसळणे हा आपल्याकडचा सर्वाधिक प्रचलित उपचार आहे आणि माझ्या मते तो सर्वांत निष्फळही आहे. ही पूड बहुधा प्रतिजैविकाची असते. झेब्रा फिंच मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशातला असल्याने फार थोड्या पाण्यावर जगू शकतो. त्यातून आजारी, आणि त्यातून पाण्याचा रंग व चव बदललेली. अशा वेळी त्याच्या पोटात किती औषध गेले हे कोणीच सांगू शकत नाही. अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात आणि आतड्यात यीस्टसारखी बुरशी वाढण्यास वाव मिळतो. टेट्रासायक्लिन गटातील औषधे कॅल्शियमशी बांधली जातात, म्हणून पिंजऱ्यात समुद्रफेस (कटलफिशचे कॅल्शियमयुक्त हाड) लटकत असताना त्यांचा परिणाम आणखी घटतो. शिवाय आजार बुरशीचा, परजीवींचा किंवा अडकलेल्या अंड्याचा असेल, तर प्रतिजैविकाचा काहीच उपयोग नाही. माणसांच्या तापाच्या गोळीचा तुकडा देणे तर सरळसरळ विषप्रयोग ठरू शकतो.

ड्रॉपरने चोचीत पाणी किंवा ग्लुकोज सोडणेही टाळावे. जिभेच्या मुळाशीच श्वासनलिकेचे तोंड असते आणि अशक्त पक्ष्याच्या फुप्फुसात ते पाणी सहज उतरते. फेणी सर्व रोगांवर चालते हा गोमंतकीयांचा विश्वास माणसांपुरताच ठेवलेला बरा. फिंचला मद्याचा एक थेंबही घातक ठरू शकतो. पिसांना खोबरेल तेल चोळले तर ती चिकटतात, ऊब धरून ठेवण्याची त्यांची क्षमता जाते आणि आपण नुकतीच केलेली बल्बची सोय वाया जाते.

पक्षी पुन्हा पुन्हा हातात घेऊन पाहण्याचा मोह आवरावा. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांमधला स्नायूंचा पडदा, नसतो. छातीचे हाड पुढे-मागे हलले तरच त्यांना श्वास घेता येतो. त्यामुळे मुठीत छाती दाबली गेली की तो गुदमरतो. पकडणे अपरिहार्य असेल तेव्हा खोली अंधारी करून एकदाच पकडावे, मान दोन बोटांच्या मध्ये हलकेच घ्यावी आणि छाती मोकळी ठेवावी.

भरलेली वाटी, उपाशी पक्षी

फिंच दाणा सोलून खातो आणि टरफल वाटीतच टाकतो. दोन दिवसांत वाटीवर टरफलांचा थर साचतो, लांबून ती भरलेली दिसते आणि पक्षी उपाशी राहतो. गावाला जाताना शेजाऱ्यांवर पिंजरा सोपवला की ही चूक हमखास होते, कारण ‘वाटी भरलेलीच होती’ हे त्यांचे म्हणणे खोटे नसते. रोज वाटीवर फुंकर मारून टरफले उडवावीत आणि खाली दाणे उरले आहेत का ते पाहावे.

पावसाळ्यातील दमट हवेत राळे, बाजरी, नाचणी यांना बुरशी लवकर धरते. कुबट वास येणारे धान्य उन्हात वाळवून पुन्हा वापरणे चुकीचे आहे, कारण बुरशीने तयार केलेले विष उन्हाने नष्ट होत नाही आणि तिचे बीजाणू श्वासावाटे फुप्फुसात जातात. जून ते सप्टेंबर धान्य थोडे-थोडे आणावे आणि हवाबंद डब्यात ठेवावे. मूठभर दाणे ओल्या कापडात ठेवून तीन-चार दिवसांत बहुतेकांना मोड आले नाहीत, तर ते धान्य जुने समजावे. उकडलेले अंडे दिल्यास तासा-दोन तासांत उचलून टाकावे; आपल्या हवेत ते तेवढ्यातच आंबायला लागते.

पिंजऱ्याच्या तळाशी पांढरा कागद घातल्यास विष्ठेवरून बरेच कळते. गडद हिरवी, पातळ विष्ठा पक्षी काही खात नसल्याचे दर्शवते, अख्खे दाणे बाहेर पडत असतील तर पचनसंस्थेचा विकार असतो आणि रक्त किंवा डांबरासारखा काळा रंग दिसला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

मादी तळाशी बसली तर

जोडीतली फक्त मादी फुगून तळाशी बसली असेल, शेपटी वरखाली हलवत जोर करीत असेल आणि पोटाचा मागचा भाग फुगलेला दिसत असेल, तर अंडे अडकले असण्याची शक्यता प्रथम विचारात घ्यावी. झेब्रा फिंचची मादी साधारणपणे रोज सकाळी एक याप्रमाणे अंडी घालते. कॅल्शियमची कमतरता, फार कोवळे वय किंवा विश्रांती न देता घेतलेली पिले यांमुळे हा क्रम अडतो. पोट दाबून अंडे बाहेर काढण्याचा प्रयत्न हमखास घात करतो, कारण अंडे आत फुटले तर मादी वाचणे कठीण. ऊब द्यावी, उबदार जागेत वाफाळत्या पाण्याचे भांडे जवळ ठेवून हवा दमट करावी आणि काही तासांत अंडे बाहेर आले नाही तर डॉक्टरांकडे न्यावे.

हे टाळण्यासाठी समुद्रफेस वर्षभर पिंजऱ्यात असावा. आपल्या किनाऱ्यांवर तो फुकट मिळतो, परंतु समुद्रातून वाहून येणाऱ्या काळ्या तेलगोळ्यांचे डाग नसलेलाच उचलावा, काही दिवस गोड्या पाण्यात भिजवावा, पाणी रोज बदलावे आणि मग कडक उन्हात वाळवावा.

श्वासाचा टकटक आवाज

विशेषतः गोल्डियन फिंच गाणे बंद करतो, चोच दांडीवर पुसत राहतो आणि रात्रीच्या शांततेत त्याच्या श्वासाबरोबर टकटक असा आवाज येतो. पुष्कळदा श्वासनलिकेतले कोळीकीटक याला कारणीभूत असतात. त्यावर आयव्हरमेक्टिनसारखे औषध आहे, पण गुरांसाठीच्या तीव्र द्रावणाचा अंदाजाने घातलेला थेंब १२ ग्रॅमच्या पक्ष्याला मारू शकतो. मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी.

डॉक्टरांकडे जाताना

बहुतेक पशुवैद्यांचा दिवस कुत्री, मांजरे आणि गुरे यांतच जातो. म्हणून पक्षी तपासणारा डॉक्टर कोण, हे पक्षी धडधाकट असतानाच विचारून ठेवावे. पणजीजवळ टोंक येथे आणि मडगावजवळ सोनसडो येथे सरकारी पशुवैद्यकीय रुग्णालये आहेत. निघण्यापूर्वी फोन करावा. पिंजरा स्कूटरच्या हँडलला लटकवून नेऊ नये, कारण त्या वाऱ्याने दिलेली सारी ऊब निघून जाते. भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात कागद आणि थोडे दाणे घालून मांडीवर धरून न्यावे. ताज्या विष्ठेचा कागद, धान्याचा नमुना आणि पक्ष्याच्या श्वासाचे मोबाइलवरील चित्रण सोबत असावे, कारण डॉक्टरांसमोर पक्षी घाबरून ताठ बसतो आणि लक्षणे दिसत नाहीत.

पक्षी दगावलाच तर लगेच परसात पुरू नये. इतर पक्षी असतील तर मृत पक्षी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून फ्रीजच्या खालच्या भागात, अन्नापासून वेगळा ठेवावा आणि शवविच्छेदनाबाबत त्याच दिवशी विचारावे. बर्फाच्या कप्प्यात ठेवल्यास पेशी फाटतात आणि तपासणी अवघड होते. आसपास कोंबड्या किंवा कावळेही मरत असतील, तर मृत पक्ष्यांना उघड्या हाताने स्पर्श करू नये आणि पशुसंवर्धन खात्याला तत्काळ कळवावे.

मेलेल्याच्या जागी दुसऱ्याच दिवशी नवा पक्षी आणून जोडी पुरी करण्याची घाई होते. नव्याला किमान ३० दिवस वेगळ्या खोलीत ठेवावे, रोज आधी जुन्या पक्ष्यांचे दाणापाणी उरकून मग त्याच्याकडे जावे आणि हात धुवावेत. रंगीत म्हणून विकल्या जाणाऱ्या देशी मुनिया घेऊ नयेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्या पाळण्यास बंदी आहे, शिवाय रानातून पकडलेला पक्षी कोणते परजीवी घेऊन आला आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.