फुगा घालायला जाताना, आधी गोळ्यांची पाकिटं

आईची अन्ननलिका अरुंद झालीय, ती ताणायला आत फुगा घालायची ही दुसरी खेप. पहिल्या खेपेला राजापुरातून पहाटे तीनला निघालो, अणुस्कुरा घाट चढून कोल्हापूर गाठलं आणि दुपारी तसेच परत आलो. फुगा घातलाच नाही. एका गोळीपायी. म्हणून आधी गोळ्या, बाकीचं मागनं.

रक्त पातळ करायची गोळी. आईच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (वाट उघडी ठेवणारी जाळी) आहे, म्हणजे ती गोळी असणारच, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. गोळ्या आठवड्याच्या डबीत काढलेल्या, पाकिटं घरी. नर्सने विचारलं तर मी ठणकावून सांगितलं, छे, सगळ्या बीपीच्या. तेवढ्यात आई म्हणाली, "अरे, ती गुलाबी घेतली की सकाळी, घोटभर पाण्याबरोबर." झालं! अरुंद जागा ताणली की आतून थोडी चिरतेच, आणि ते रक्त थांबायला हवं. क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ करायची गोळी साधारण ५ ते ७ दिवस आधी थांबवतात. पण ती आपल्या मनाने बंद करू नका, स्टेंटच तुंबायचा. हृदयाच्या डॉक्टरांना विचारा, कधी थांबवायची आणि कधी सुरू करायची ते कागदावर लिहून घ्या. आणि पाकिटं न्या. डबी नको, पाकिटं.

उपास: जेवण निदान ६ तास आधी बंद, पाणी २ तास आधी. अन्ननलिका अरुंद असली की अन्न वरच अडकून राहतं, म्हणून काहींना आदल्या दिवसापासून पातळच सांगतात. गुंगीत ते उलटून फुप्फुसात जाऊ शकतं. मावशी पहाटे वाटी घेऊन उभी, "पेज म्हणजे पाणीच गो!" पेजेत शितं असतात, मावशी. इन्शुलिन चालू असेल तर त्याचंही विचारा.

फाईल, कवळी काढून ठेवायला डबा, चादर. कळतंच. पाकिटं घेतलीत?

एका फेरीत काम होईल असं धरू नका. फुग्याने एकेक मिलिमीटर वाढवत ताणतात, एका वेळी सहसा ३ मिलिमीटरच्या पुढे जात नाहीत. घट्ट घास नीट उतरायला वाट १३ मिलिमीटरच्या आसपास तरी लागते. पैसे नि रजा त्या हिशेबाने ठेवा. पावसात घाटात दरडी पडतात, तारीख जमेल तर टाळा.

आणि रात्री कोल्हापुरातच राहा. अन्ननलिकेला भोक पडणं क्वचित होतं, पण झालं तर जिवाशी. छातीत दुखणं वाढत जाणं, ताप, धाप, मान सुजून दाबल्यावर कुरकुर लागणं, रक्ताची उलटी: यातलं काहीही दिसलं तर पाणीसुद्धा न देता थेट इस्पितळ. मध्ये घाट नको.

खाणं डॉक्टर सांगतील तसं. आधी पाणी, मग मऊ भात, पातळ पिठी. काट्याचा मासा इतक्यात नाही. गोळी परत कधी सुरू करायची, तो कागद कुठाय?