हार्मनीची उजळणी करताना ‘म’ आणि ‘नी’वर नजर ठेवा

एकदा शिकून बाजूला ठेवलेली पाश्चात्य संगीताची थिअरी पुन्हा हातात घेतली की कॉर्ड्सची (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुळण्यांची) नावं आठवतात, केडन्सच्या, म्हणजे ओळीच्या शेवटी कॉर्ड्स येऊन थांबण्याच्या पद्धतींच्या, व्याख्याही आठवतात. पण चार आवाजांत चार कॉर्ड्स लिहायला बसलं की पेन्सिल थांबते. अडचण बहुधा हार्मनीत नसते. ती दोन पायऱ्या खाली, इंटरव्हल (दोन स्वरांमधलं अंतर) आणि स्केलच्या लिखाणात असते. म्हणून उजळणी खालून वर करायची, आणि ती करताना मेजर स्केलमधले दोन सेमीटोन (कीबोर्डवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर) सतत डोळ्यांसमोर ठेवायचे: ‘ग’ ते ‘म’ आणि ‘नी’ ते ‘सा’. की सिग्नेचर (ओळीच्या सुरुवातीला लिहिलेल्या स्केलच्या खुणा), डॉमिनंट सेव्हन्थ (पाचव्या स्वरावरची चार स्वरांची कॉर्ड), मॉड्युलेशन (एका स्केलमधून दुसऱ्या स्केलमध्ये जाणं), या सगळ्यांची किल्ली या दोन जागांत आहे.

इथे ‘सा’ म्हणजे आपण ज्या स्केलमध्ये आहोत तिचा पहिला स्वर. सी, डी, ई ही नावं स्वराची जागा सांगतात. सा, रे, ग त्याचं काम सांगतात. हार्मनीला दोन्ही लागतं, त्यामुळे सरगम ज्यांच्या अंगात मुरलेली आहे त्यांचं निम्मं काम झालेलं असतं. लागणारं सामान थोडं: कुठलाही छोटा कीबोर्ड, स्टाफचा (पाच रेघांचा) कागद, पेन्सिल आणि चांगला खोडरबर. रोज अर्धा तास पुरतो, पण रोज.

आधी अक्षरं, मग सेमीटोन

इंटरव्हलचं नाव ठरवताना आधी अक्षरं मोजा. सुरुवातीचा स्वर ‘एक’ धरायचा: सी, डी, ई ही तीन अक्षरं, म्हणून थर्ड. मग सेमीटोन मोजा: चार असले तर मेजर थर्ड, तीन असले तर मायनर. परफेक्ट फोर्थमध्ये पाच, परफेक्ट फिफ्थमध्ये सात. सुरुवातीचा स्वर धरून मोजतो म्हणूनच दोन थर्ड एकावर एक रचले की सिक्स्थ न होता फिफ्थ होतो. मधला स्वर दोन्हींत मोजला जातो. इंटरव्हल उलटवला तर दोन आकड्यांची बेरीज ९ येते आणि सेमीटोनांची १२. लिहिलेलं बरोबर आहे का, हे पाहायला हा ताळा फार उपयोगी आहे.

फ्लॅट म्हणजे एक सेमीटोन खाली, शार्प म्हणजे एक सेमीटोन वर. सी ते ई फ्लॅट आणि सी ते डी शार्प यांत कीबोर्डवरची पट्टी एकच, सेमीटोनही तीनच. तरी पहिला मायनर थर्ड आणि दुसरा ऑगमेंटेड सेकंड. हा फरक कागदापुरता नाही. साधारणपणे शार्प केलेला स्वर वर सरकू पाहतो आणि फ्लॅट केलेला खाली, त्यामुळे अक्षर चुकलं की स्वराचा पुढचा रस्ताच चुकतो. एफ ते बी ऑगमेंटेड फोर्थ, बी ते एफ डिमिनिश्ड फिफ्थ. दोन्हींत सहा सेमीटोन, पण एक बाहेर उघडतो आणि दुसरा आत मिटतो. ही जोडी लक्षात ठेवा, सगळी हार्मनी तिच्याकडे परत येते.

मेजर स्केलची रचना टोन (दोन सेमीटोन), टोन, सेमीटोन, टोन, टोन, टोन, सेमीटोन. प्रत्येक अक्षर एकदाच यायला हवं. ए फ्लॅट मेजर न थांबता लिहून पाहा: ए फ्लॅट, बी फ्लॅट, सी, डी फ्लॅट, ई फ्लॅट, एफ, जी. मध्ये कुठे सी शार्प लिहिलं गेलं असेल तर एक अक्षर दोनदा आलं आणि एक गळलं. अशी चूक झाली तर पुढे जाऊ नका, इंटरव्हलवर परत या.

की सिग्नेचर पाठ करण्यापेक्षा समजून घ्या. सी मेजरवरून एक फिफ्थ वर जी मेजर. नवा शार्प एफ, आणि तोच जीचा ‘नी’. आणखी एक फिफ्थ वर डी मेजर. नवा शार्प सी, तोच डीचा ‘नी’. म्हणजे शेवटचा शार्प नेहमी ‘नी’ असतो, त्याच्या एक सेमीटोन वर ‘सा’. फ्लॅटच्या बाजूला उलटं: शेवटचा फ्लॅट म्हणजे ‘म’, त्याच्या खाली एक फोर्थ मोजला की ‘सा’. शार्पचा क्रम एफ, सी, जी, डी, ए, ई, बी. फ्लॅटचा हाच क्रम उलटा.

मायनरमध्ये एकच गोष्ट पुन्हा पुन्हा चुकते. ए मायनरची सिग्नेचर सी मेजरचीच, म्हणून जी शार्प सिग्नेचरमध्ये दिसत नाही. तो प्रत्येक वेळी हाताने लिहावा लागतो. तो विसरला की पाचवी (म्हणजे स्केलच्या पाचव्या स्वरावरची) कॉर्ड ई, जी, बी अशी मायनर राहते, ‘सा’ला ओढणारा ‘नी’ उरतच नाही आणि केडन्स लंगडी पडते. हार्मोनिक आणि मेलोडिक मायनर या दोन परक्या स्केल्स समजू नका. ‘नी’ चढवला की एफ ते जी शार्प अशी तीन सेमीटोनांची उडी पडते; गाताना ती टाळायची म्हणून चढताना एफही शार्प करतात, इतकंच.

कॉर्ड्स

ट्रायड म्हणजे थर्डवर थर्ड रचलेली तीन स्वरांची कॉर्ड. मेजर ट्रायड खालून चार आणि तीन सेमीटोन, मायनर तीन आणि चार, डिमिनिश्ड तीन-तीन, ऑगमेंटेड चार-चार. मेजर स्केलमध्ये पहिली, चौथी, पाचवी मेजर, दुसरी, तिसरी, सहावी मायनर, सातवी डिमिनिश्ड. इन्व्हर्जन फक्त सगळ्यांत खालच्या स्वरावरून ठरतं. वरचे स्वर कसेही पसरले असोत, खाली रूट (कॉर्डचा मूळ स्वर) असेल तर रूट पोझिशन, थर्ड असेल तर पहिलं इन्व्हर्जन, फिफ्थ असेल तर दुसरं. रूट बदलत नाही, फक्त बेस बदलतो, हा विचार फ्रेंच संगीतकार झां-फिलिप रामोने १७२२ मध्ये ग्रंथरूपाने मांडला आणि पुढची सगळी शिकवण त्यावर उभी राहिली. इन्व्हर्जन दाखवायला बेसखाली लिहितात ते ६ किंवा ६-४ हे आकडे मात्र रूटपासून नाही, बेसपासून मोजायचे. इथे गोंधळ फार होतो.

आता उजळणीचा गाभा. सी मेजरमधली डॉमिनंट सेव्हन्थ: जी, बी, डी, एफ. हिच्यात ‘नी’ आणि ‘म’ एकत्र येतात. बी एक सेमीटोन वर सीवर जातो, एफ एक सेमीटोन खाली ईवर येतो. बी खाली आणि एफ वर असेल तर फिफ्थ मिटून थर्ड होतो. एफ खाली असेल तर फोर्थ उघडून सिक्स्थ होतो. कीबोर्डवर फक्त हे दोन स्वर दाबा, थांबा, मग सोडवा. बाराही स्केलमध्ये हे हातात बसेपर्यंत चार आवाजांचा स्वाध्याय सुरू करू नका.

मग ही छोटी ओळ लिहा (आवाज वरून खाली दिले आहेत): पहिली, चौथी, डॉमिनंट सेव्हन्थ, पहिली.

सोप्रानो: सी, सी, बी, सी
अल्टो: ई, एफ, एफ, ई
टेनर: जी, ए, जी, जी
बेस: सी, एफ, जी, सी

बेस सीवरून खाली एफला उतरतो, तिथून वर जी, मग वर मूळच्या सीवर. सोप्रानोत ‘नी’ ‘सा’ला जातो, अल्टोत ‘म’ ‘ग’वर येतो. अल्टोतला एफ चौथ्या कॉर्डपासून तसाच धरून ठेवला आहे, म्हणून सेव्हन्थ कानाला टोचत नाही. तिसऱ्या कॉर्डमध्ये डी गाळला आणि जी दोनदा घेतला, म्हणून शेवटची कॉर्ड पूर्ण मिळाली. चारही स्वर ठेवून सगळे नियमाने सोडवले असते, तर शेवटी तीन सी आणि एक ई उरला असता, फिफ्थशिवाय. ते चूक नाही, फक्त आवाज पातळ होतो.

आता मुद्दाम बिघडवून पाहा. चौथ्या कॉर्डवरून पाचव्या ट्रायडवर जाताना वरचे तिन्ही आवाज बेसबरोबर एक पायरी वर न्या: सी-डी, एफ-जी, ए-बी. बेस आणि अल्टोत पॅरलल ऑक्टेव्ह झाले (दोन्ही आवाज तेच अंतर ठेवून एकत्र सरकले), बेस आणि सोप्रानोत पॅरलल फिफ्थ. ऑक्टेव्हची कंपनं २:१ आणि फिफ्थची ३:२ या प्रमाणात असल्याने हे स्वर एकमेकांत इतके मिसळतात की दोन आवाज एकत्र सरकले तर एकच ऐकू येतो. चार आवाजांचे तीन होतात. उपाय सोपा: बेस शेजारच्या रूटवर चढत असेल तर वरचे आवाज उतरवा. (गिटारवरच्या पॉवर कॉर्ड्स पॅरलल फिफ्थवरच चालतात आणि छान चालतात. तिथे आवाज वेगळे ठेवायचेच नसतात.)

‘नी’ कधी दोन आवाजांत देऊ नका. दोघांनाही ‘सा’ला जायचं असतं, दोघं गेले तर पॅरलल ऑक्टेव्ह, एक थांबला तर तो लटकलेला राहतो. पाचवीवरून सहावीवर जाणाऱ्या फसव्या केडन्समध्ये बेस जी-ए चढतो, बी-सी चढतो, उरलेले दोन उतरतात: डी-सी आणि जी-ई. सहावीचा थर्ड दोनदा येतो, तो येऊ द्या. आणि केडन्सआधीची ६-४ दिसायला पहिली कॉर्ड असली, तरी तिला डॉमिनंटचाच भाग समजा: जीच्या वर सी आणि ई थोडा वेळ टांगलेले, मग बी आणि डीवर उतरणारे. ती डॉमिनंटपेक्षा जड मात्रेवर यायला हवी, दुबार स्वर बेसचा.

परका स्वर आला तर

सी मेजरमध्ये एफ शार्प दिसला की विचारा, हा कुणाचा ‘नी’? जीचा. मग खाली डी, एफ शार्प, ए, सी आहे का ते पाहा. असेल तर ती पाचवीची पाचवी, आणि तीच जोडी पुन्हा: एफ शार्प जीवर, सी बीवर. एवढ्याने मॉड्युलेशन झालं म्हणू नका. जी मेजरमध्ये केडन्स होऊन संगीत तिथे काही काळ राहिलं, तरच घर बदललं. तेव्हा मागे जाऊन दोन्ही घरांना ओळखीची कॉर्ड शोधा. ए मायनर सीची सहावी आणि जीची दुसरी आहे, तिथे पूल बांधलेला असतो.

पृथक्करणाला जर्मन संगीतकार बाखच्या चार आवाजी कोरालांपैकी (चर्चमधल्या स्तोत्रगीतांपैकी) आठ-दहा मापांचं एखादं घ्या. पहिल्या कॉर्डपासून नावं लिहीत सुटू नका. आधी प्रत्येक ओळीच्या शेवटची केडन्स, मग सिग्नेचरबाहेरचे स्वर आणि ते कुणाचे ‘नी’ किंवा ‘म’, मग बेस गाऊन पाहा, आणि शेवटी मधल्या कॉर्ड्स. कमकुवत मात्रेवर पायरी-पायरीने जाणारा स्वर कॉर्डमध्ये बसत नसेल तर तो बहुधा पासिंग नोट आहे. त्याच्यासाठी नवी कॉर्ड शोधायची नाही. आतल्या आवाजातला ‘नी’ कधीकधी ‘सा’ऐवजी खाली ‘प’वर उतरलेला दिसेल. वर सोप्रानोने तेवढ्यात ‘सा’ घेतलेला असतो, म्हणून कानाला ते खटकत नाही.