व्हिसाच्या नूतनीकरणात मध्येच सल्लागार बदलायचा असेल तर

कोकणात जमिनीचा दावा न पाहिलेले घर विरळा. त्यामुळे दावा चालू असताना वकील बदलणे म्हणजे काय, हे आपल्याकडे वेगळे शिकवावे लागत नाही. जुन्या वकिलांची नाहरकत घ्यायची, नवे वकीलपत्र दाखल करायचे आणि या धावपळीत पुढची तारीख चुकणार नाही एवढे पाहायचे. परदेशी नोकरीला असलेल्या आपल्या मुलामुलींना व्हिसाचे नूतनीकरण अर्ध्यावर असताना इमिग्रेशन सल्लागार बदलण्याची वेळ आली, तर हीच समज कामी येते. फरक दोनच आहेत. तिथे जुन्या सल्लागाराची नाहरकत लागत नाही, आणि व्हिसाची मुदत कोर्टाच्या तारखेसारखी पुढे ढकलून मिळत नाही.

माझी भाची इंग्लंडमध्ये एका रुग्णालयात परिचारिका आहे. तिच्या व्हिसाची मुदत संपायला पाच आठवडे उरले होते, तेव्हा सल्लागाराच्या कार्यालयातील एका मराठी मुलाने तिला फोनवर सांगितले, “फॉर्म भरला आहे, काळजी करू नका.” आपल्या भाषेत ‘फॉर्म भरला’ म्हणजे रकाने लिहून काढले असाही अर्थ होतो, आणि तो दाखल केला असाही. रात्रपाळी संपवून ती मला चिपळूणला फोन करायची, तेव्हा आपल्याकडे दुपारचे साडेबारा वाजलेले असत. त्या दिवशी मी तिला एवढेच विचारले, की पैसे भरल्याची पावती कुठे आहे? पावती नव्हती. रकाने भरून अर्ज नुसता जतन करून ठेवला होता, शुल्क भरलेले नव्हते आणि अर्ज सादर झालेला नव्हता. त्यानंतरच्या पाच आठवड्यांत आम्ही जे शिकलो, ते इथे क्रमाने मांडत आहे. तपशील प्रामुख्याने ब्रिटनमधील स्किल्ड वर्कर आणि हेल्थ अँड केअर वर्कर व्हिसाचे आहेत. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाबद्दल पुढे थोडक्यात लिहिले आहे.

सल्लागारावर कितीही राग आला असला तरी पहिले काम त्याला काढून टाकण्याचे नाही. अर्ज नेमका कोणत्या टप्प्यावर आहे, याची कागदोपत्री खात्री करून घेणे हे पहिले काम आहे. सादर झालेल्या अर्जाची पीडीएफ प्रत, शुल्काची पावती आणि यूएएन, म्हणजे चार-चार आकड्यांच्या चार गटांत लिहिलेला सोळा आकडी अर्ज क्रमांक, या तीन गोष्टी हातात असल्या तरच अर्ज सादर झाला असे मानावे. तोंडी आश्वासन किंवा व्हॉट्सअॅपवरचा अंगठा यांना काहीही अर्थ नाही. त्याच वेळी अर्जात कोणाचा ईमेल आणि कोणाचा मोबाइल क्रमांक दिला आहे, हेही विचारावे. अनेक सल्लागार सोयीसाठी स्वतःचाच ईमेल देतात. तसे केले असेल, तर ब्रिटनच्या गृहखात्याने, म्हणजे व्हिसाचा निर्णय देणाऱ्या होम ऑफिसने, आणखी कागदपत्रे मागितली तरी ते पत्र अर्जदारापर्यंत पोहोचेलच असे नाही, आणि ज्याच्याशी आता बोलणे उरलेले नाही त्याच्याच ईमेलमध्ये ते पडून राहते.

अर्ज अजून सादर झालेला नसेल, तर काम तुलनेने सोपे असते, मात्र वेळ थोडा असतो. इथे दोन तारखा पाहाव्या लागतात. एक चालू व्हिसा संपण्याची. दुसरी सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिपची, म्हणजे मालक त्या नोकरीसाठी देतो त्या प्रमाणपत्राची, आणि हीच हमखास विसरली जाते. मालक तेच असले तरी नूतनीकरणासाठी हे प्रमाणपत्र नव्याने लागते, आणि ते दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत वापरावे लागते. सल्लागार बदलण्यात दोन-तीन आठवडे गेले आणि तेवढ्यात प्रमाणपत्राची मुदत संपली, तर मालकाकडे पुन्हा हात पसरावे लागतात. अशा वेळी जुना अर्धवट अर्ज नव्या सल्लागाराने पुढे चालवावा असा आग्रह धरू नये. त्यात काय काय लिहिले आहे हे शोधण्यात जितका वेळ जातो, त्याहून कमी वेळात नवा अर्ज भरून सादर होतो. भाचीच्या बाबतीत आम्ही तेच केले.

अर्ज सादर झाला असेल, तर मात्र प्रत्येक पाऊल जपून टाकावे लागते. ब्रिटनच्या 1971 च्या इमिग्रेशन कायद्यातील कलम 3सी नुसार, व्हिसाची मुदत संपण्यापूर्वी वैध अर्ज केलेला असेल, तर निर्णय होईपर्यंत जुना व्हिसा त्याच अटींवर चालू राहतो आणि नोकरीही करता येते. देशांतर्गत अर्जाचा निर्णय साधारण आठ आठवड्यांत होतो, म्हणजे मूळ मुदत संपल्यानंतर कित्येक दिवस माणूस केवळ या कलमाच्या आधाराने तिथे राहत असतो. म्हणून मूळ मुदत उलटून गेली असताना ‘जुना अर्ज मागे घेऊ आणि आपण नव्याने करू’ असे नवा सल्लागार सहज म्हणाला, तर तिथेच थांबून त्याला या कलमाबद्दल विचारावे. अर्ज मागे घेतला की हे संरक्षण त्या क्षणी संपते. सादर झालेल्या अर्जात बदल करण्याची रीत वेगळी आहे, आणि जाणकार सल्लागाराला ती माहीत असते. नुसता सल्लागार बदलल्याने अर्जाला धक्का लागत नाही, कारण अर्ज अर्जदाराच्या नावाचा असतो, सल्लागाराच्या नावाचा नव्हे.

याच संदर्भात गणपतीचा विषय काढावा लागतो. चाकरमानी जगात कुठेही असला तरी भाद्रपदात त्याचे मन गावाकडे धावते, हे आपण सगळे जाणतो. पण निर्णय प्रलंबित असताना अर्जदार ब्रिटन, आयर्लंड, आइल ऑफ मॅन आणि चॅनेल बेटे मिळून होणाऱ्या सामाईक प्रवासक्षेत्राच्या बाहेर गेला, तर त्याचा अर्ज मागे घेतला असे समजले जाते. आठवडाभराच्या गौरी-गणपतीसाठी तिकडची नोकरी पणाला लागते. घरच्या वडीलधाऱ्यांनीच पुढाकार घेऊन ‘यंदा येऊ नकोस’ असे स्पष्ट सांगावे. मुलांच्या तोंडून तो नकार निघत नाही.

आता नवा सल्लागार. जुन्याला पत्र देण्यापूर्वी नवा पक्का करावा, आणि ओळखीपेक्षा नोंदणी पाहून करावा. ब्रिटनमध्ये मोबदला घेऊन किंवा विनामूल्यही इमिग्रेशनचा सल्ला द्यायचा असेल, तर तो माणूस सॉलिसिटर किंवा बॅरिस्टरसारखा नियमनाखालील वकील तरी असावा लागतो किंवा इमिग्रेशन अॅडव्हाइस अथॉरिटीकडे नोंदलेला तरी असावा लागतो. ही संस्था जानेवारी 2025 पर्यंत ओआयएससी या नावाने ओळखली जात होती, त्यामुळे जुन्या पाट्यांवर आणि लेटरहेडवर ते नाव अजून दिसू शकते. तिच्याकडे नोंदलेल्या सल्लागारांचे तीन स्तर असतात. साधे नूतनीकरण पहिल्या स्तराच्या कक्षेत येते, तर मुदत उलटून गेलेली असल्यास किंवा प्रकरण गुंतागुंतीचे असल्यास वरच्या स्तराचा सल्लागार लागतो. नोंदणी ऑनलाइन यादीत स्वतः तपासावी. नोंदणीशिवाय असा सल्ला देणे हा तिथे गुन्हा आहे. ब्रिटनच्या 1999 च्या कायद्यात तो कलम 91 मध्ये सांगितला आहे, आणि योगायोग असा की कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्यातही याच विषयाचे कलम 91 च आहे. मात्र ब्रिटनच्या कायद्याचे हे नियमन ब्रिटनमध्ये बसून दिलेल्या सल्ल्यापुरते आहे. मुंबईत किंवा रत्नागिरीत बसून ब्रिटनच्या व्हिसाचे काम करणारा एजंट त्याच्या बाहेर राहतो. म्हणून तो कितीही जवळचा, अगदी वाडीतला असला, तरी अर्ध्यावर आलेले प्रकरण त्याच्या हाती सोपवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सल्लागार मालकाने नेमलेला असेल, तर आधी मालकाच्या मनुष्यबळ विभागाशी बोलावे. तो मूळचा मालकाचा सल्लागार असतो. अर्जदाराला स्वतःचा वेगळा सल्लागार घेता येतो, पण प्रमाणपत्राचे काम मालकाकडेच राहते.

नवा सल्लागार ठरला, त्याचे काम, फी आणि जबाबदारी लेखी मिळाली, की जुन्याला ईमेल पाठवावा. तो इंग्रजीत लिहावा, पण मजकूर एवढाच असावा: “आजपासून माझ्या वतीने कोणताही अर्ज, पत्र किंवा दुरुस्ती आपण सादर करू नये. माझा प्रलंबित अर्ज मागे घेऊ नये. माझ्या फाइलची संपूर्ण प्रत, सादर केलेल्या अर्जाची प्रत, पावत्या आणि गृहखात्याशी झालेला सर्व पत्रव्यवहार अमुक तारखेपर्यंत मला किंवा माझ्या नव्या सल्लागाराला द्यावा. यापुढे गृहखात्याकडून माझ्याबद्दल काहीही आले तर ते त्याच दिवशी मला पाठवावे.” तक्रारीचा पाढा या पत्रात वाचू नये. तो वेगळ्या पत्रात आणि फाइल हाती आल्यावर वाचावा. त्याच दिवशी नव्या सल्लागाराने अर्जदाराच्या सहीचे अधिकारपत्र जोडून गृहखात्याला बदल कळवावा आणि त्याची प्रत अर्जदाराला द्यावी.

फाइल मिळवताना पैशाचा वाद मध्ये येतो. इंग्लंडमध्ये सॉलिसिटरला थकलेल्या फीपोटी फाइल रोखून धरण्याचा हक्क असतो, त्यामुळे ‘काम केले नाही तर पैसे का द्यायचे’ हा प्रश्न रास्त असला तरी मुदत जवळ असताना त्यावर अडून बसणे परवडत नाही. लेखी हरकत नोंदवून पैसे द्यावेत, फाइल घ्यावी आणि मग तक्रार करावी. सॉलिसिटरविरुद्धची तक्रार आधी त्याच कार्यालयाकडे करावी लागते. आठ आठवड्यांत समाधान झाले नाही तर लीगल ओम्बड्समनकडे, म्हणजे वकिलांविरुद्धच्या तक्रारी पाहणाऱ्या यंत्रणेकडे, जाता येते. नोंदलेल्या सल्लागाराविरुद्धची तक्रार इमिग्रेशन अॅडव्हाइस अथॉरिटीकडे करता येते. पासपोर्टचे मात्र वेगळे आहे. भारतीय पासपोर्ट 1967 च्या कायद्यानुसार केंद्र सरकारची मालमत्ता असतो, तो कोणाच्या फीपोटी तारण राहू शकत नाही. मूळ पासपोर्ट कोणाकडे असेल, तर तो सर्वांत आधी मागून घ्यावा. जुन्या सल्लागाराने काहीच दिले नाही, तर गृहखात्याकडे स्वतःची नोंद मागता येते. ती विनामूल्य मिळते, पण उत्तराला एक महिन्याची मुदत असते, हे लक्षात घेऊन मागणी लगेच करावी.

फाइल हाती आली की ती अर्जदाराने स्वतः, नव्या सल्लागारावर न सोडता, ओळ न ओळ वाचावी. आपल्याकडच्या माणसांच्या अर्जात चूक सापडते ती बहुधा नावात. एकाच माणसाच्या शाळेच्या दाखल्यावर जाधव, आणि नंतर गावावरून घेतलेले ‘कर’ लावलेले आडनाव पासपोर्टवर, असे आपल्या पट्ट्यात घरोघरी आहे. लग्नानंतर मुलीच्या मधल्या नावाच्या जागी वडिलांऐवजी नवऱ्याचे नाव येते. ‘पूर्वी वापरलेली नावे’ या रकान्यात जुना सल्लागार ‘नाहीत’ असे लिहून मोकळा झालेला असतो. भाचीच्या जतन केलेल्या अर्जात नेमके तेच होते, आणि तिचे माहेरचे नाव तिच्या नर्सिंगच्या पदवीवर ठळक अक्षरांत छापलेले आहे. सादर झालेल्या अर्जात अशी चूक सापडली, तर ती लपवू नये. खुलाशाचे पत्र आणि आधाराचा कागद नव्या सल्लागारामार्फत तातडीने पाठवावा. चुकीची माहिती सल्लागाराने लिहिली होती, हे कारण पुरत नाही, कारण अर्जाखालची घोषणा अर्जदाराची असते.

इथे गावी बसलेल्यांना करण्यासारखे बरेच आहे. जन्माचा किंवा विवाहाचा दाखला मराठीत असेल, तर ब्रिटनसाठी त्याचे पूर्ण इंग्रजी भाषांतर लागते आणि त्यावर ते बरोबर असल्याचे प्रमाणन, भाषांतरकाराचे नाव, सही, तारीख आणि संपर्क लागतो. ट्रंकेतले मूळ कागद पावसाळ्यात ओल धरतात आणि शाई पसरते. म्हणून मृगाच्या आधीच ते बाहेर काढून, वाळवून, दोन्ही बाजूंनी रंगीत स्कॅन करून ठेवावेत. फोनवर तिरका काढलेला, कोपऱ्यात बोट दिसणारा फोटो पाठवू नये.

कॅनडात प्रतिनिधी नेमायला आणि रद्द करायला आयएमएम 5476 हा एकच फॉर्म वापरतात. तिथे वकील किंवा कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सचा परवानाधारक यांनाच पैसे घेऊन काम करता येते, आणि हा नियम भारतात बसलेल्या एजंटलाही लागू आहे. मुदतीपूर्वी अर्ज केला असेल तर तिथेही राहण्याचा कायदेशीर दर्जा निर्णयापर्यंत कायम राहतो. मुदत हुकली तर दर्जा परत मिळवण्यासाठी 90 दिवस असतात, पण दरम्यान काम करता येत नाही. खोट्या माहितीसाठी पाच वर्षांची बंदी येऊ शकते. ऑस्ट्रेलियात एजंटची नेमणूक आणि समाप्ती फॉर्म 956 ने होते. तो भरण्यात दिरंगाई करू नये, कारण अधिकृत एजंटला पाठवलेले पत्र अर्जदारालाच मिळाले असे तिथला कायदा धरतो, आणि फेरविचाराची मुदत त्यावरूनच मोजली जाते. शिवाय ब्रिजिंग व्हिसा ए वर, म्हणजे निर्णय होईपर्यंत मिळणाऱ्या तात्पुरत्या व्हिसावर, देशाबाहेर गेल्यास परत येता येत नाही. त्यासाठी ब्रिजिंग व्हिसा बी आधी घ्यावा लागतो.

निर्णय मंजुरीचा आला, तरी एक काम उरते. ब्रिटनमध्ये आता प्लास्टिकचे कार्ड मिळत नाही, ई-व्हिसा असतो आणि तो यूकेव्हीआय, म्हणजे ब्रिटनच्या व्हिसा विभागाच्या, ऑनलाइन खात्यात दिसतो. त्या खात्यात शिरण्याचा कोड नोंदवलेल्या ईमेलवर किंवा मोबाइलवर येतो. तिथे जुन्या सल्लागाराचा ईमेल किंवा क्रमांक असेल, तर त्याच दिवशी तो बदलून स्वतःचा घालावा, मग नावाचे स्पेलिंग, व्हिसाचा प्रकार आणि शेवटची तारीख पासपोर्ट शेजारी ठेवून ताडून पाहावी.