स्ट्रेच मार्क्स आणि सुरकुत्या : या चुका टाळा

निफाडकडून गार वारा सुटला की नाशिकमध्ये अंग उलायला लागतं आणि पोटा-मांड्यांवरचे स्ट्रेच मार्क्स, म्हणजे कातडी ताणून पडलेले वण, जास्तच डोळ्यांत भरतात. मग खोबरेल, लोशन, मालीशवाली मावशी, सगळं सुरू होतं. मालीशीत वाईट काही नाही, चुकते ती अपेक्षा. तेलाने वरची कातडी मऊ होते, खाज थांबते. पण वण असतो आतल्या थरात, कातडीला घट्ट आणि लवचिक ठेवणारे कोलॅजन आणि इलॅस्टिनचे धागे विस्कटलेले असतात तिथे. खोबरेल तिथवर काही करू शकत नाही. आई-बहिणीला वण पडले असतील तर तेल लावूनही तुम्हाला पडू शकतात. त्यात तुमची हयगय नाही.

दुसरी चूक वाट बघण्याची. वण लालसर-जांभळट असतात तेव्हाच उपचार जास्त लागू पडतात; पांढरे झाले की फार फरक पडत नाही. डॉक्टर ट्रेटिनॉइन नावाचं लावायचं औषध देतात, पण ते गरोदरपणी किंवा दिवस राहावेत असा विचार असताना लावायचं नाही. लेसर, मायक्रोनीडलिंगने (कातडीत बारीक सुया टोचण्याच्या उपचाराने) वण फिकट होतात, जात नाहीत. सावळ्या कातडीवर लेसरने उलट काळे डागही पडू शकतात, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्या.

सगळ्यात महागात पडते ती मेडिकलवरून आणलेली ‘खाजेची ट्यूब’. पावसाळ्यात ओल्या कपड्यांत दिवस जातो, जांघेत गजकर्ण होतं. लाजेपोटी कुणी दाखवत नाही, काउंटरवर हळूच ट्यूब मागतात. तिच्यावर क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन लिहिलेलं असेल तर ते स्टेरॉइड आहे. दोन दिवसांत खाज गायब होते, म्हणून माणूस महिनोन्‌महिने लावत राहतो. आत बुरशी पसरते, कातडी पातळ होते आणि जांघेत, काखेत रुंद पट्टे पडतात. माझ्या ओळखीतला एक कॉलेजचा मुलगा वर्षभर हे पट्टे जिममुळे आलेत असंच समजत होता. हे पट्टे पुढे फिकट होतात, पण राहतात कायमचे. तीच ट्यूब गोरं व्हायला चेहऱ्यावर लावणारेही आहेत. त्यांनी ती बंद करतानाही डॉक्टरांना विचारावं, नाहीतर चेहरा भडकतो.

सुरकुत्यांचं मोठं कारण वयाइतकंच ऊन. सिडकोहून सातपूरला रोज दुचाकीवर जाताना तोंडाला स्कार्फ असतो, पण मान आणि हातांचे पंजे उघडेच. चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटांवर रेघ ओढून येईल इतकं एसपीएफ ३० चं सनस्क्रीन लागतं, आणि बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. ढगाळ श्रावणातही लावा, सुरकुत्या आणणारे किरण ढगातून येतातच. द्राक्षबागेत जाणाऱ्या बाया साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट चढवतात ना, तो कित्येक महागड्या क्रीमपेक्षा बरा. लिंबाचा रस चोळून मात्र उन्हात जाऊ नका, कातडी भाजते आणि डाग राहतात.

कढत पाण्याची आंघोळ आणि वणांवर घासणी, दोन्ही सोडा. अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा.

गरोदरपण नाही, वजनही फारसं वाढलं नाही आणि तरी पोटावर रुंद जांभळे पट्टे आले, चेहरा गोल सुजला, जरा लागलं तरी काळंनिळं पडतंय, तर क्रीम शोधत बसू नका. शरीरात कॉर्टिसॉल हे हार्मोन वाढल्याची ही लक्षणं असू शकतात, तपासून घ्या. डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून न्या, पिळून संपलेल्यासुद्धा.