बिलिंगमधल्या ग्राहकयादीवरून ऑनलाइन जाहिरात: यादी कशी काढायची, कशी धुवायची, कशी ताजी ठेवायची

हळद आणि बेदाणा घरपोच पाठवणारं सांगलीतलं एक दुकान उदाहरणाला घेऊ. पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं वर्षाची हळद एकदाच भरतात, नवा माल आला की, फेब्रुवारी ते मेच्या दरम्यान. बेदाणा खपतो दिवाळीच्या तोंडावर. तीन-चार वर्षांची बिलं संगणकात आहेत, त्यात मोबाइल नंबर आहेत, काही ईमेल आहेत. याच माणसांना यूट्यूब, गुगल, फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर जाहिरात दाखवायची, तर ही यादी जाहिरात खात्यात भरावी लागते. यादीतले नंबर-ईमेल ज्यांच्या खात्याशी जुळतात त्यांनाच जाहिरात दिसते. गुगल याला कस्टमर मॅच म्हणतं, मेटा (फेसबुक-इन्स्टाग्रामची कंपनी) कस्टम ऑडियन्स.

फाइल चढवायला दहा मिनिटं लागतात. पैसे कारणी लागतात की वाया जातात ते मात्र तीन गोष्टींवर ठरतं: यादीत कोण आहे, कोणाला मुद्दाम बाहेर ठेवलंय, आणि यादी किती दिवसांची शिळी आहे.

यादी हंगामावर बेतायची

ग्राहक-डेटा प्लॅटफॉर्ममध्ये (ग्राहकांची माहिती एकत्र ठेवून त्यांचे गट पाडणारं सॉफ्टवेअर; पुढे नुसतं ‘प्लॅटफॉर्म’) तयार गट मिळतात: गेल्या ३० दिवसांत खरेदी केलेले, ९० दिवसांत न आलेले, वगैरे. हळदीच्या धंद्यात ते कुचकामी आहेत. मार्चमध्ये पाच किलो हळद घेतलेलं घर जूनमध्ये ‘९० दिवस न आलेले’ ठरतं, आणि त्याला ‘परत या’ म्हणून जाहिरात दाखवणं म्हणजे पैसे कृष्णेत सोडणं.

अट अशी लिहा: गेल्या वर्षी १ फेब्रुवारी ते ३१ मे या काळात हळद घेतली, आणि यंदा १ फेब्रुवारीपासून अजून घेतलेली नाही. दुसरा अर्धा भाग सर्वांत महत्त्वाचा. बेदाण्यासाठी इंग्रजी तारीख धरू नका, कारण दिवाळी सरकते. लक्ष्मीपूजन २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला होतं, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला, आणि २०२६ मध्ये ८ नोव्हेंबरला येतं. ‘ऑक्टोबरमध्ये खरेदी केलेले’ अशी अट घातली तर एका वर्षी दिवाळीनंतरचे लोक आत येतात आणि दुसऱ्या वर्षी ऐन दिवाळीचे बाहेर राहतात. लक्ष्मीपूजनाआधीचे ४५ दिवस मोजा.

याच वेळी वगळण्याची यादीही करा. तिच्यात यंदा माल घेऊन झालेले येतात, मार्केट यार्डातले घाऊक व्यापारी येतात (त्यांचा भाव वेगळा, किरकोळ भावाची जाहिरात त्यांना दिसली की फोन येणारच), दुकानातले कर्मचारी येतात आणि ज्यांची तक्रार अजून मिटलेली नाही असे ग्राहक येतात. पाकीट फाटून आलं म्हणून वाट बघत बसलेल्या माणसाला त्याच हळदीची जाहिरात दाखवू नये. ही वगळायची यादी पहिल्या यादीइतकीच जपावी, कारण जाहिरातीचे पैसे वाचतात ते हिच्यामुळे.

फार तुकडे मात्र करू नका. समजा २,४०० ग्राहक आहेत. साफसफाईत १,९०० उरले आणि त्यांतले निम्मे जुळले, तर हाती ९५०. त्यांचे पाच गट केले की प्रत्येकी १९०. मेटाला जाहिरात चालवायला जुळलेली किमान १०० माणसं लागतात, म्हणजे आपण अगदी काठावर. त्यात कोणीतरी जाहिरातीचं ठिकाण ‘सांगली’ निवडतं आणि गिऱ्हाईक राहतं कोथरूडला! यादीवरच्या जाहिरातीला ठिकाण अख्खा भारत ठेवा.

परवानगी

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला तिथून १८ महिन्यांची मुदत आहे. त्या मुदतीची वाट बघू नका, परवानगीचा रकाना आजच सुरू करा. बिलासाठी दिलेला नंबर हा जाहिरातीसाठी दिलेला नंबर नव्हे. ऑर्डरच्या फॉर्मवर वेगळी चौकोनी खूण ठेवा, आधीपासून टिक केलेली नको. मजकूर सरळ मराठीत: ‘माझा मोबाइल नंबर व ईमेल वापरून मला गुगल आणि मेटावर तुमच्या मालाच्या जाहिराती दाखवायला माझी संमती आहे.’ परवानगीची तारीखही नोंदवा. संमती देणं जितकं सोपं तितकंच ती मागे घेणंही सोपं असलं पाहिजे, असं कायदा सांगतो. सुरक्षेची पुरेशी काळजी न घेता डेटा फुटला तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे.

विकत घेतलेली, सोसायटीच्या डिरेक्टरीतून उतरवलेली किंवा दुसऱ्या दुकानदाराकडून आणलेली यादी चालत नाही. गुगलला फक्त तुम्ही स्वतः ग्राहकाकडून घेतलेली माहिती मान्य आहे. १८ वर्षांखालच्या मुलांना लक्ष्य करून जाहिरात करायला कायद्यात मनाई आहे, तेव्हा क्लासेस चालवणाऱ्यांनी विद्यार्थ्यांचे नंबर काढून फक्त पालकांचे ठेवावेत. मिरजेतल्या दवाखान्यांनी आणि लॅबनी तर रुग्णांची यादी चढवूच नये. आजार ज्यातून कळतो अशी यादी गुगल आणि मेटा दोन्हीकडे नियमबाह्य आहे, आणि रुग्णाचा विश्वास हा नियमाहून मोठा आहे.

यादी धुणं

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. न जुळलेल्या नावांची कारणं शोधत गेलं की बहुतेक वेळा वाट इथेच येऊन थांबते.

मोबाइल नंबर. बिलिंगमध्ये तो पाच तऱ्हांनी लिहिलेला असतो: पुढे शून्य लावून, ९१ लावून, मध्ये मोकळी जागा सोडून, तिरकी रेघ मारून दोन नंबर एकाच रकान्यात, आणि कधी देवनागरी अंकांत. सगळे इंग्रजी अंकांत आणा. मोकळ्या जागा, डॅश, कंस काढा. दोन नंबर असतील तर दोन रकाने करा. मग शेवटचे दहा अंक घ्या, पहिला अंक ६ ते ९ यांपैकी आहे का बघा, आणि पुढे ९१ जोडा. दहा वेळा ९ किंवा दहा वेळा शून्य असे नंबर काढून टाका. काउंटरवर गर्दी असली की मुलं असलेच नंबर टाकून बिल पुढे ढकलतात. दुकानाचा स्वतःचा नंबरही शोधा, तो शेकडो बिलांवर सापडेल.

एक्सेलचा फटका इथेच बसतो. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर फाइल) नुसती दोनदा क्लिक करून उघडली की बारा अंकी नंबर ९.१९ई+११ अशा रूपात जातो, आणि तशीच सेव्ह केली की शेवटचे अंक कायमचे गेले. फाइल ‘डेटा’ मेनूतून आयात करा, नंबर आणि पिनकोडचे रकाने ‘टेक्स्ट’ ठेवा, आणि सेव्ह करताना यूटीएफ-८ सीएसव्ही निवडा. अपलोड करायच्या आधी फाइल नोटपॅडमध्ये उघडून वरच्या दहा ओळी डोळ्यांनी बघा. एक्सेल जे लपवतो ते नोटपॅड दाखवतो.

नाव. आपल्याकडे बिलावर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं. पहिला शब्द ‘फर्स्ट नेम’ मानून रकाने पाडले तर अख्ख्या यादीत पाटील, जाधव, शिंदे हीच पहिली नावं होतात आणि एकही जुळत नाही. श्री., सौ., डॉ., ‘ताई’, ‘दादा’, ‘सर’ काढा. देवनागरीतलं नाव रोमन लिपीतल्या नावाशी जुळत नाही, आणि वैशालीचं रोमन स्पेलिंग तीन तऱ्हांनी होतं. त्यामुळे नावावर भिस्त ठेवू नका, खरं काम नंबर आणि ईमेल करतात. गुगलकडे नाव, आडनाव, देश आणि पिनकोड हे चारही असतील तरच त्या ओळीचा पत्ता म्हणून उपयोग होतो, एक जरी नसला तरी तो भाग वाया.

पिनकोड. जिल्हा पिनकोडच्या पहिल्या तीन अंकांवरून ओळखू नका. सांगली ४१६४१६ आणि तासगाव ४१६३१२, पण त्याच जिल्ह्यातलं विटं ४१५३११. सातारा ४१५००१ आणि कराड ४१५११०, पण वाई ४१२८०३ आणि महाबळेश्वर ४१२८०६. ‘४१५ ने सुरू होणारे’ म्हणून साताऱ्याची यादी काढली तर चिपळूण आणि रत्नागिरी आत येतात, वाई बाहेर राहते. ४१६ घेतलं की कोल्हापूर आलंच. साताऱ्याचे कंदी पेढे दुचाकीवरून घरपोच देणाऱ्याला ही चूक महागात पडते. पूर्ण सहा अंकी पिनकोडांची यादी करून तीच वापरा.

जुने नंबर. बंद पडलेला मोबाइल नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. तीन वर्षांत एकही खरेदी किंवा संपर्क नसलेले नंबर काढून टाका. ते कदाचित आता तुमच्या गिऱ्हाइकाचे नाहीत.

हॅश

गुगल आणि मेटा दोघेही नंबर-ईमेल एसएचए-२५६ पद्धतीने ६४ अक्षरांच्या खुणेत बदलून जुळवतात, या खुणेलाच हॅश म्हणतात. खुणेवरून मूळ नंबर थेट उलगडता येत नाही, पण एक मोकळी जागा जरी जास्त पडली तरी खूण पार बदलते. फाइल हाताने चढवणार असाल तर स्वतः हॅश करण्याची गरज नाही, ब्राउझरच पाठवण्याआधी ते करतो.

स्वतः किंवा प्लॅटफॉर्ममधून करणार असाल तर आधी सगळं लहान इंग्रजी अक्षरांत (लोअरकेस), कडेच्या मोकळ्या जागा काढून, मग हॅश. आणि हे पक्कं ध्यानात ठेवा: गुगलला नंबर अधिक चिन्हासह ९१ लावून लागतो, मेटाला अधिक चिन्ह न लावता नुसते अंक. म्हणजे एकाच नंबरच्या दोन वेगळ्या खुणा होतात. गुगलसाठी केलेली हॅश फाइल मेटाला दिली तर मोबाइलचा रकाना पूर्ण कोरडा जातो, आणि फाइल मात्र कुरकुर न करता चढते. गुगलकडे देश आणि पिनकोड हॅश न करता साधेच द्यायचे, मेटाकडे त्यांचाही हॅश जातो. दुसरी नेहमीची चूक दुहेरी हॅशची: फाइल आधीच हॅश केलेली आणि प्लॅटफॉर्म पुन्हा करतो. जुळणी जवळजवळ शून्य दिसली की पहिला संशय हाच घ्या.

चढवणं

गुगल ॲड्समध्ये टूल्स, तिथून ऑडियन्स मॅनेजर, अधिक चिन्ह, कस्टमर लिस्ट. रकान्यांची शीर्षकं नमुना फाइलमध्ये इंग्रजीत आहेत तशीच ठेवा. नाव यादीत राहण्याची मुदत जास्तीत जास्त ५४० दिवस मिळते. खात्याचा नियमपालनाचा आणि बिल भरण्याचा इतिहास चांगला लागतो. नव्या खात्याला सगळ्या सोयी मिळत नाहीत, म्हणून खातं हंगामाच्या पुष्कळ आधी सुरू करा. प्रक्रियेला ४८ तासांपर्यंत वेळ जातो. धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री यादी चढवून काही होत नाही, निदान आठवडाभर आधी चढवा.

मेटाच्या ॲड्स मॅनेजरमध्ये ऑडियन्स, क्रिएट, कस्टम ऑडियन्स, कस्टमर लिस्ट. कुठल्या रकान्यात काय आहे ते मेटा स्वतः ओळखतो, पण ती जोडणी नजरेखालून घाला. बिल क्रमांकाचा रकाना फोन म्हणून जोडला गेलेला असू शकतो. एकूण खरेदीची रक्कम ‘व्हॅल्यू’ म्हणून दिली तर चांगल्या गिऱ्हाइकांसारखे नवे लोक शोधणारा लुकअलाइक गट करता येतो. त्याला एका देशातले किमान १०० लोक लागतात, पण हजाराच्या खाली त्यातून फार काही हाती लागत नाही. गुगलने असे ‘समान प्रेक्षक’ २०२३ मध्ये बंद केले.

दुसऱ्यांदा फाइल चढवताना पर्याय नीट वाचा: जोडा, काढा, की बदला. सवयीने ‘जोडा’ दाबलं की काल हळद घेतलेले आजही यादीत राहतात आणि मे संपेपर्यंत त्यांना हळदच दिसत राहते.

आपोआप जोडणी

महिन्यातून दोनदा फाइल करायचा कंटाळा येत असेल, तर प्लॅटफॉर्ममधून थेट जोडणी करा. दोन गोष्टी तपासा. माणूस गटातून बाहेर पडला की जाहिरात यादीतूनही निघतो का? काही जोडण्या फक्त भर घालतात, काढत नाहीत. आणि जोडणी कोणाच्या लॉगिनने केली आहे? कर्मचाऱ्याच्या खासगी खात्याने केली असेल तर तो नोकरी सोडून गेला किंवा त्याने पासवर्ड बदलला की जोडणी मुकाट्याने थांबते. जाहिरात चालूच राहते, जुन्या यादीवर. दुकानाच्या स्वतःच्या व्यावसायिक खात्याने जोडा आणि दर सोमवारी ‘शेवटचा सिंक’ ही तारीख बघा.

पहिल्यांदा पूर्ण यादी पाठवू नका. दुकानातल्या पाच-सात जणांचे नंबर आणि ईमेल घेऊन चाचणीचा गट करा, प्लॅटफॉर्ममधून किती ओळी गेल्या आणि समोर किती पोचल्या हे मोजा. यादीचा जुळलेला आकार मेटा गोल करून दाखवतो, त्यामुळे नेमकी बेरीज तिथे शोधू नका.

उपयोग झाला का

जुने गिऱ्हाईक जाहिरात न बघताही परत येतं, म्हणून जाहिरात खात्यात दिसणारी विक्री सगळी जाहिरातीची धरू नका. ज्यांच्या नंबरचा शेवटचा अंक ७ आहे त्यांना पूर्ण हंगाम यादीबाहेर ठेवा, साधारण दहावा हिस्सा होतो. मेअखेर दोन्ही गटांत शंभरामागे किती घरांनी हळद घेतली ते बिलिंगवरून काढा. फरक नसेल तर पुढच्या वर्षी तो पैसा दुसरीकडे लावा.

जाहिरात एजन्सीला यादीची फाइल व्हॉट्सॲपवर पाठवू नका, जाहिरात खात्यात त्यांना प्रवेश द्या आणि काम संपलं की तो काढून घ्या. ग्राहकाने ‘मला जाहिराती नकोत’ म्हटलं तर त्याचं नाव चार ठिकाणी शोधावं लागतं: प्लॅटफॉर्ममध्ये, गुगलच्या यादीत, मेटाच्या यादीत, आणि दुकानातल्या संगणकाच्या डाउनलोड्स फोल्डरमध्ये पडून राहिलेल्या त्या सीएसव्हीत. ही चौथी जागा बहुतेक जण विसरतात. यादी चढली, जुळणी तपासून झाली, की ती फाइल त्याच दिवशी पुसा आणि रिसायकल बिनही रिकामं करा.