नवं पिस्तूल खरंच कोरं आहे का?
आधी मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढा, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) मागे ओढा आणि चेंबर (झाडायची गोळी बसते ती जागा) रिकामं असल्याची डोळ्यांनी व बोटानं खात्री करा. नळीत थोडी काजळी दिसली म्हणून लगेच भांडायला जाऊ नका. बरेच कारखाने माल पाठवण्यापूर्वी चाचणीच्या दोन-चार गोळ्या झाडतात. खरी चुगली ब्रीचफेस, म्हणजे गोळीच्या मागच्या बाजूला टेकणारा स्लाइडचा सपाट भाग, करतो. तिथे फायरिंग पिनच्या (गोळीवर आपटणाऱ्या खिळ्याच्या) भोकाभोवती पितळेचा पिवळट थर आणि स्लाइडच्या सरकण्याच्या खाचांत फिनिश उडून उघडा पडलेला धातू, दोन्ही एकत्र दिसले तर वापर बराच झालाय. होल्स्टरमध्ये (पिस्तुलाच्या म्यानात) घातलेलं असेल तर पुढच्या कडा आधी चकाकतात. रिव्हॉल्व्हर असेल तर सिलिंडरचा (गोळ्यांची घरं असलेल्या फिरत्या भागाचा) पुढचा भाग पाहा: सगळ्याच घरांभोवती पुसून न जाणारी काळी कडी असतील, तर ते चाचणीपेक्षा जास्त चाललेलं असू शकतं; पण काही कारखाने चाचणीत सगळीच घरं वापरतात, म्हणून एवढ्यावरूनच खात्री धरू नका.